खिडकीला लावलेलं पान

“हे परत काढ,” काजळबाई म्हणाल्या आणि कागद त्यांनी खिडकीच्या काचेवर तळहाताने दाबून धरला. मागून उजेड आला. तिसऱ्या ओळीतल्या काळ्या पट्टीत एक वेलांटी अजून पुसटशी दिसत होती. झेरॉक्सवाल्याने मान लांब करून पाहिलं आणि म्हणाला, की ही वेलांटी दिसायला घारीचे डोळे लागतील.

“नवऱ्याचे पुरतात,” बाई म्हणाल्या.

घरात मार खाणाऱ्या बायकांच्या तक्रारी ऐकून निकाल देणारं ते कार्यालय होतं. निकाल सगळ्यांना वाचता यावेत म्हणून ते वेबसाइटवर टाकायचे, असा नियम. पण तक्रार करणारीचं नाव, ती आता राहते तो पत्ता, मुलांची शाळा, हे सगळं आधी झाकायचं, असाही नियम. झाकण्याचं काम काजळबाईंचं. चौदा वर्षं त्या तेवढंच करत होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवस कामावरून काढत आणि दुसऱ्या दिवशी परत घेत, म्हणजे कायम करण्याची भानगड नको. त्या दिवशी त्या घरातली कपाटं आवरत. उजव्या हाताची तीन बोटं नखापर्यंत काळी, म्हणून नाव पडलं काजळबाई. खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला नवरा घरी चिडवायचा, की लोक पांढऱ्यावर काळं करतात ते वाचता यावं म्हणून, आमच्याकडे उलटं. बाई हसत. कामाबद्दल त्यांनी त्याला कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. दिवसाला चाळीस पत्ते डोळ्यांखालून जात. काही डोक्यात राहायचेच. ते तिथेच ठेवायचे, ही त्यांची स्वतःची शिस्त होती, कुणी लावलेली नव्हे.

पद्धतही त्यांचीच. फूटपट्टी लावून जाड मार्करने आडवा हात, तो वाळला की उभा हात. पान उलटं करून मागूनही एक हात, कारण जोरात लिहिणाऱ्याचं अक्षर पाठीवर उमटतं. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या. नाव तीन अक्षरी की पाच अक्षरी हेसुद्धा कळू द्यायचं नाही. मग झेरॉक्स, झेरॉक्स खिडकीला लावून बघायचा, आणि स्कॅन करायचा तो झेरॉक्सच. मूळ कागद स्कॅनरला दाखवायचा नाही. नियमात नसलेलंही त्या झाकत. एका निकालात लिहिलं होतं, ‘अर्जदार शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात काम करते.’ नाव नाही, पत्ता नाही. तरी बाईंनी ती अख्खी ओळ काळी केली. गणवेश शिवणारी दुकानं एका शहरात असतात किती?

ती ओळ दोनशे सतरा नंबरच्या फाइलमधली. बाकी बायका काजळबाईंना कागदावरच भेटत, ही एक समोर आली होती. निकाल लागल्यावर विचारत विचारत मागच्या खोलीपर्यंत आली. तिशीतली, उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच राहिलेलं, कामावरून उठून आलेली. कान एका बाजूने फाटलेला.

“झाकायचं काम तुमच्याकडे आहे ना ताई?”

बाईंनी मान हलवली.

“पत्ता नीट झाका. तो माझं नाव टाकून शोधत बसतो. रोज. एवढंच काम आहे त्याला.”

बाईंनी तिचं पान काढलं, तिच्यासमोर दोन हात मारले आणि खिडकीला लावून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बरं वाटलं,” आणि गेली.

पुढच्या वर्षी मशिन आलं. मशिन म्हणजे एक कंपनी, कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि सोनेरी किनारीचं एक प्रमाणपत्र. खासगी माहिती राखण्याची जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, ती सगळी हे कार्यालय पाळतं, असं त्यावर लिहिलेलं. ते साहेबांच्या खुर्चीमागे टांगलं, म्हणजे फोटोत दोघंही येतील. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. कंपनीचा माणूस चांगला बोलायचा. तो म्हणाला, प्रत्येक माणसाचा आपल्या माहितीवर हक्क आहे, आणि हा हक्क गरिबालाही तेवढाच आहे. काजळबाईंनी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं. वाक्य खरंच होतं. मानकांचं जाड पुस्तकही खरं होतं. कुठेतरी शहाण्या माणसांनी डोकं लावून लिहिलेलं. ते इथे आणलं होतं ते भिंतीवरच्या फ्रेमसाठी.

पट्ट्यांना मशिन काही सेकंद घ्यायचं. जुने झेरॉक्स पुसट दिसतात म्हणून कंपनीने चौदा वर्षांच्या सगळ्या फाइली पुन्हा स्कॅन केल्या. मूळ कागदांवरून, बाईंचा हात लागण्याआधीच्या प्रतींवरून. बाईंना हे कळलं तेव्हा त्या आयुष्यात पहिल्यांदा आपणहून साहेबांच्या खोलीत गेल्या. कंपनीचा माणूस तिथेच होता. बाईंनी विचारलं, की या पट्टीच्या खाली अक्षरं राहतात का.

तो हसला, पण वाईट हसला नाही. “मावशी, हा कागद नाही. कॉम्प्युटरात खाली-वर असं काही नसतं.”

मग साहेबांनी त्यांना तपासणीचं काम दिलं. इतक्या वर्षांचा अनुभव आहे म्हणाले. स्क्रीनवर पानं बघायची आणि यादीत प्रत्येक फाइलपुढे ‘तपासले’ म्हणून सही करायची. काजळबाईंनी स्क्रीनवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक पान त्यांनी प्रिंट केलं. मशिनला गारवा लागतो म्हणून खोलीच्या खिडकीला काळी फिल्म लावली होती, तेव्हा त्या प्रिंटांचा गठ्ठा घेऊन जिन्यात जात आणि तिथल्या काचेला एकेक पान लावत. पाच आठवडे. जाणारे-येणारे हसायचे, वाट सोडून उभ्या राहा म्हणायचे. एकही वेलांटी दिसली नाही. प्रिंट काळंभोर होतं. तीन हजार सह्या त्यांनी केल्या. दोनशे सतराच्या पुढची त्यांनी जरा सावकाश केली.

एवढी खबरदारी घेऊन चूक करायला काजळबाईच लागतात. दुसरा कुणी आळशी असता तर स्क्रीनवर माउस फिरवत बसला असता आणि चुकून त्याला सापडलं असतं.

सापडलं ते झेरॉक्सवाल्याला. एका सोमवारी साहेबांनी त्याला वेबसाइटवरच्या निकालातला एक परिच्छेद उचलून पत्रात टाकायला सांगितला. त्याने माउस ओढून ओळी निवडल्या, उचलल्या, पत्रात टाकल्या. पट्टी मागेच राहिली. पत्रात नाव आलं.

“बाई, इकडे या जरा,” तो म्हणाला. आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

बाईंनी एकदा बघितलं. मग म्हणाल्या, दोनशे सतरा काढ. त्याने काढली. काळ्या पट्टीवरून माउस ओढला आणि कोऱ्या पानावर ते सगळं ओतलं. तिचं नाव. बापाचं नाव. गल्ली, खोलीचा नंबर. गणवेशाच्या दुकानाची ओळ तर झाकलेलीच नव्हती. मशिनला नाव आणि पत्ता ओळखायला शिकवलं होतं, कोण काय शिवतं ते नाही. बाईंनी त्याला त्याच्या फोनवर तिचं नाव टाकून शोधायला सांगितलं. पहिलंच उत्तर त्यांच्या कार्यालयाचं आलं.

कागदाच्या आत कागद होता. वरचा त्यांनी जिन्यातल्या उजेडात धरून पाहिला होता आणि खालचा सगळ्या जगाला मोकळा होता. बाई तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं, आधी दार लोटायला सांगितलं. साहेब दुष्ट नव्हते. मुलीच्या परीक्षेला रजा काढणारे, स्टाफच्या घरी आजारपणात जाऊन येणारे. पण त्यांना पुस्तक पाठ होतं. मानकांप्रमाणे माहिती फुटल्याचं कळलं, की बहात्तर तासांच्या आत त्या व्यक्तीला कळवावं लागतं, वर कळवावं लागतं, साइट बंद करावी लागते. आणि गुरुवारी ऑडिट होतं, प्रमाणपत्राचं नूतनीकरण. बाई म्हणाल्या, मी लेखी देते. साहेबांनी हात वर केला.

“तुम्ही लेखी दिलंत, की कार्यालयाला कळलं असं होतं. घड्याळ सुरू होतं. शुक्रवारी द्या. शुक्रवारपर्यंत आपल्याला काही कळलेलं नाही.”

“मला कळलंय साहेब.”

“तुम्ही कंत्राटी आहात बाई. तुम्हाला कळणं म्हणजे कार्यालयाला कळणं नव्हे.”

माणसं राखण्यासाठी लिहिलेला नियम, आणि त्यातून चार दिवस कसे चोरायचे ते काढलं या माणसाने. कुठल्या गुंडाला हे सुचलं नसतं. त्याला शिकलेलाच लागतो.

मंगळवारी दुपारी बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन बस बदलून बाई त्या गल्लीत गेल्या, जिचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने काळं केलं होतं. पत्ता विचारावा लागला नाही. पाठ होता. गणवेशाचं दुकान त्याच गल्लीत होतं. आत चार शिलाई मशिनं, भिंतीला निळ्या शर्टांचे गठ्ठे, मध्ये कापडाच्या चिंध्यांचा ढीग. ती शेवटच्या मशिनवर होती. बाईंना बघून तिने पाय थांबवला, पण ओळख लगेच पटली नाही. बोटं बघितली तेव्हा पटली.

बाहेर पायरीवर बसून बाईंनी सांगितलं. फिरवून सांगता येईना, म्हणून सरळ सांगितलं. ती रडली नाही की ओरडली नाही. तिने फक्त गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

“तुम्ही झाकला होता ना? मी बघितला होता.”

“झाकला होता. त्यांनी परत उघडला. आणि मी बरोबर आहे म्हणून सही केली.”

“कशाला केलीत?”

“दिसत नव्हतं म्हणून.”

ती हसल्यासारखी झाली. म्हणाली, तीन शहरं बदलली ताई, दर वेळी नवीन मालकाला सांगायचं, की मी एकटीच आहे, मागचं कुणी नाही. आता चौथं कुठलं? मग विचारलं, की निदान आता तरी काढला का तो कागद. बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, “शुक्रवारी काढतील.”

“का? आज काय सुट्टी आहे?”

त्या म्हणाल्या, आज माझ्याकडे चल, आम्ही दोघंच असतो, मुलीची खोली रिकामी आहे. ती विचारात पडली. सोमवारी शाळा उघडणार होत्या. दोनशे शर्टांच्या बाह्या लावायच्या राहिल्या होत्या आणि मालक बरा माणूस होता, त्याला मध्येच टाकून जाणं तिला जड जात होतं. या दुकानाने तिला आल्या दिवशी काही न विचारता मशिनवर बसवलं होतं.

“रविवारी येते,” ती म्हणाली. “तेवढे दिवस दुकानातच झोपते, आतून कडी लावून. पत्ता द्या तुमचा.”

बाईंनी पर्समधून कागद काढला आणि स्वतःचं नाव, पत्ता, बस कुठे बदलायची ते ठळक अक्षरात लिहिलं. चौदा वर्षं त्यांनी पत्ते पुसले होते. लिहिला तो हा पहिला.

तो बुधवारी आला, संध्याकाळी, मालक शटर ओढायला उठला तेव्हा. मालकालाही लागलं. तिला दवाखान्यात नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पोलिसांना त्याच्या खिशात निकालाची प्रत मिळाली, कार्यालयाच्या वेबसाइटवरून काढलेली. पट्ट्या जागच्या जागी होत्या. पत्त्याच्या पट्टीशेजारच्या समासात त्याने पेनने पत्ता लिहून ठेवला होता, वळणदार अक्षरात.

गुरुवारी ऑडिट झालं. पाहुण्यांनी अभिप्राय चांगला दिला. शुक्रवारी कार्यालयाला कळलं.

काजळबाई त्या आठवड्यात कामावर येत राहिल्या. घरी नवऱ्याने विचारलं, की मुलीच्या खोलीत नवीन चादर कुणासाठी घातलीस. त्या म्हणाल्या, “धुवायला काढायची राहिली.” रात्रीच्या जेवणाला त्यानेच भात टाकला.

चौकशी नेमली गेली. चौकशी समितीत तीन माणसं आणि एक तज्ज्ञ. त्यांनी काजळबाईंना दीड तास प्रश्न विचारले, पण जिन्यातल्या खिडकीबद्दल सांगायला लागल्या तेव्हा लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. महिनाभराने अहवाल आला. बत्तीस पानं. सॉफ्टवेअरमध्ये ‘सुधारणेस वाव’ होता. साहेबांनी ‘कळताक्षणी’ साइट बंद केली होती, तारीख शुक्रवारची. आणि तपासणी करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याने तीन हजार फाइलींवर न बघता सह्या केल्या होत्या. शिवाय मयत महिलेच्या पिशवीत याच कर्मचाऱ्याच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी सापडली. म्हणजे कर्मचाऱ्याने पीडितेशी विनापरवाना संपर्क केला होता. म्हणजे पत्ता नेमका कुठून फुटला हे खात्रीने सांगता येत नाही.

बाईंनी अहवाल वाचला तो साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून. कारण तो अहवालही वेबसाइटवर टाकायचा होता, आणि साहेबांनी त्यांना त्यासाठीच बोलावलं होतं. एका चिठ्ठीवर चार नावं लिहिलेली होती: साहेबांचं, कंपनीचं, कंपनीच्या माणसाचं, तज्ज्ञाचं. ही झाकायची. खासगीपणाचा हक्क आहे, मानकात आहे.

“मशिनवर नको,” साहेब खाली बघत म्हणाले. “तुमच्या पद्धतीने करा. दोन हात.”

बाईंनी विचारलं, “आणि तिचं नाव?”

“मयताला हा हक्क नाही बाई. पुस्तकात ‘हयात व्यक्ती’ असं स्पष्ट आहे.”

आपल्या नावाचं त्यांनी विचारलं नाही. साहेबांनीच सांगितलं, की जबाबदारी निश्चित झालेल्या माणसाचं नाव लोकहितासाठी उघडं ठेवावं लागतं. वाईट वाटतं, पण इलाज नाही. आणि अकरा महिन्यांनी कामावरून काढायचा तो एक दिवस या महिन्यात आला, की यावेळी दुसऱ्या दिवशी यायची गरज नाही. बाई म्हणाल्या, बरं.

त्या आपल्या खोलीत आल्या. झेरॉक्सवाल्याने सकाळीच मार्करचं नवीन खोकं टेबलावर ठेवलं होतं. त्यातला एक घेतला, पट्टी घेतली, पहिलं पान समोर ओढलं. तिचं नाव बत्तीस पानांत एकोणीस वेळा होतं. आडवा हात, वाळू दिला, उभा हात. पान उलटं करून मागून एक. सगळ्या पट्ट्या एका लांबीच्या. दुकानाचं नाव झाकलं. गल्ली झाकली. ती शाळेचे गणवेश शिवत असे, ही ओळ चौदाव्या पानावर होती, तीही झाकली. फाटक्या कानाचं वर्णन होतं, ते झाकलं. ती कुणाची बायको होती ते जिथे जिथे होतं, तिथे जरा जाड हात मारला. साडेतीन तास लागले. जेवणाचा डबा तसाच राहिला.

मग मार्करला टोपण लावून त्या जिन्यात गेल्या आणि एकेक पान काचेला लावून बघितलं. कुणी हसलं नाही.

झेरॉक्सच्या मशिनवर त्यांनी गठ्ठा ठेवला. झेरॉक्सवाल्याने वरचं पान उचललं. साहेबांचं नाव तिथे स्वच्छ होतं, हुद्द्यासकट. त्याने दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. कंपनी, कंपनीचा माणूस, तज्ज्ञ. सगळे आपापल्या जागी बसलेले. त्यांच्याखाली काजळबाईंचं नाव, हजेरीपटावरचं, पूर्ण.

“बाई, चिठ्ठीतली चार राहिली.”

“शाई संपली,” बाई म्हणाल्या.

त्याने त्यांच्या टेबलाकडे पाहिलं. खोक्यात अकरा मार्कर सील न तोडलेले होते. पहिलं पान त्याने काचेवर पालथं ठेवलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. मशिनचा हिरवा उजेड खालून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेला. बाई उभ्या राहिल्या होत्या. बाहेर आलेलं पान त्यांनी हातात घेतलं, ते अजून गरम होतं.